चिमूटभर पिठाचं दुःख

केशोरीच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, त्या दिवशी आकाशपाळण्याची रांग मोडली. पाळणेवाला हाका मारत राहिला आणि माणसं त्याच्याकडे पाठ करून एका पांढऱ्या ताडपत्रीकडे लोटत राहिली. धानाची कापणी उरकलेली, लेकी माहेरी आलेल्या, पोरांच्या हातात जिलेबी. ताडपत्रीखाली मात्र दवाखान्याच्या दाराबाहेर असते तसली शांतता. मीही टाचा उंचावून पाहिलं.

टेबलावर काचेचे ग्लास, जांभळ्या बाटल्यांची उतरंड आणि मागे एक उंच माणूस. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्षांची माळ. लोक त्याला कोटवाले बाबा म्हणत.

"बोलो, लोखंडाले काय लागते?" बाबानं माइकवर विचारलं.

"जंग!" पोरं ओरडली.

"सेब कापून ठेवला तर काळा काऊन पडते? तोही जंग! मंग माणसाच्या मनाले जंग लागत नसन काय? झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही. डॉक्टर म्हणते, टेन्शन है. अरे, टेन्शन नाही माय, ऑक्सिडेशन! अन् त्याच्यावर पूऱ्या दुनियेत इलाज एकच. अँटीऑक्सिडंट!"

शब्द कोणालाच कळला नाही, म्हणून तो सगळ्यांना पटला. बाबानं वर्तमानपत्राचं एक प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कात्रण उंच धरलं. "विदेशात हजारो लोकायले तपासलं. जे फळं खाते, भाजी खाते, त्यायचं मन कमी उदास. हे मी नाही सांगून राहिलो, सायन्स सांगून राहिलं! त्याच फळांचा अर्क, वरतून माझ्या गुरूची बारा वर्षांची साधना, ह्या एका बाटलीत. तेजरस!"

मग चमत्कार. ताटात तांदळाचं पीठ होतं. बाबाच्या चेल्यानं चिमूटभर पीठ मुठीत धरलं, डोळे मिटले, मनातलं सगळं दुःख आठवलं आणि पीठ ग्लासातल्या पाण्यात सोडलं. बाबानं छोट्या बाटलीतून चार थेंब टाकले. "हे साक्षीजल. हे खोटं बोलत नाही." पाणी होतं तसंच पांढुरकं राहिलं. चेला पाच वर्षांपासून तेजरस पीत होता म्हणे.

"आता कोण येते? या सिस्टर, तुमीच या."

मी प्रेमिला. केशोरीपासून सहा किलोमीटरवरच्या आमच्या टोल्यात, छोट्या वाडीत, बारा वर्षांपासून नर्स होते. लोकांसमोर नाही म्हणणं जमलं नाही. मी मूठ मिटली. डोळे मिटताच, नको ते आठवलं. पीठ पाण्यात पडलं, चार थेंब पडले आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी शाईसारखं काळं झालं.

गर्दीतून एक लांब श्वास आला. खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. दुसऱ्यांना धीर देणारी मी, आणि माझ्या आत एवढा अंधार?

बाबानं बूचभर तेजरस काळ्या पाण्यात ओतला, काडीनं ढवळलं. काळेपणा पळाला. पाण्याला जांभळट झाक तेवढी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्यामागून बिसराम आपल्या बायकोला, शामकलाला घेऊन पुढे आला. बिसराम जंगल खात्यात मजूर. शामकला साधारण चाळिशीची; तीन वर्षांपूर्वी तिनं अंथरूण धरलं होतं. ताप नाही, दुखणं नाही, पण ती बोलायची नाही, जेवायची नाही. पुजाऱ्याकडे नेलं, अंगारे झाले. शेवटी मीच तिला गोंदियाच्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. गोळ्या सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत ती पुन्हा धानाच्या रोवणीला जाऊ लागली. तेव्हापासून दर महिन्याला गोळ्या आणि ती, दोन्ही ठीक चाललं होतं.

तिचंही पाणी काळं झालं. ती त्या ग्लासाकडे पाहतच राहिली. तेजरसानं ते साफ झालं तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला.

टेबलापासून बाजूला झाल्यावर बिसरामनं मला विचारलं, "बाई, घेऊ काय जी हे?"

"फळांचाच रस दिसतो, भाऊ," मी म्हटलं. "घ्या. नुकसान तर नाही."

गोळ्या बंद करू नका, हे वाक्य माझ्या तोंडात आलं नाही. माझं मन अजून माझ्याच काळ्या पाण्यात अडकलं होतं. तेवढ्या एका वाक्याची किंमत मला पुढे कळायची होती.

महिनाभर बाबा दर बाजाराला येत राहिला. किराणा दुकानदार छोटेलालनं त्याच्या बाटल्या दुकानात ठेवल्या. मी लसीकरणाच्या कामात होते. एकदा वाटेत बिसराम भेटला, सायकलवरून उतरून सांगू लागला, "बाई, आधी दोन हप्ते लयच कठीण गेले. रात-रातभर जागी, नुसती रडे. बाबानं सांगतलन, जंग बाहेर पडून राहिला, घाबरू नका. अना खरंच जी, चार दिवसांपासून रडणं बंद! एकदम शांत झाली. हासते बी. बाबानं तिले परवा माइकवर उभं केलं होतं."

"रात्रभर जागी? गोळ्या चालू आहेत ना?"

बिसराम घुटमळला. "त्या तं बाबाकडे जमा केल्या. बरणी ठेवली आहे ना त्यानं टेबलावर. सगळ्यायच्या गोळ्या त्याच्यातच. म्हणे, गोळी मनाले झोपवते, जंग तसाच राहते." मग तो हसून म्हणाला, "आता गरजच काय? कामाले लागली ती. पेटी साफ केली, नव्या साड्या बहिणीले देऊन टाकल्या, चांदीचे कडे पोरीच्या पेटीत ठेवले. माह्या मायले धानाचं बी कुठं ठेवलं ते दाखवलन. लयच हुशारी आली तिले."

सायकलचं हँडल धरून तो हसत होता आणि मला मात्र दुसरंच आठवत होतं. प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी आम्हांला सांगितलं होतं, खूप उदास माणूस एकाएकी शांत झाला आणि आपल्या वस्तू वाटू लागला, तर आनंद मानू नका. धावा.

"घरी कोण आहे तिच्यापाशी?"

"माय गेली मोह्याकडच्या वावरात. ती एकटीच आहे. काऊन जी?"

मी माझी दुचाकी सुरू केली. त्याला गाडीवर मागे बसवलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. अंगण नुकतंच सारवलेलं, भांडी ओळीनं लावलेली. एवढं नीटनेटकं घर पाहून मला कधी भीती वाटली नव्हती. शामकला चुलीपाशी परातीत तांदळाचं पीठ घेऊन बसली होती. शेजारी विळी आणि टोपलीभर आवळे. तिच्या बोटातून रक्त गळत होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"अवो शामकला, बोट कापलं ना!" बिसराम ओरडला.

"हो काय?" ती म्हणाली. "समजलं नाही."

मी पिशवीतून जखम धुवायचं तपकिरी औषध काढलं. घाईत बाटली कलंडली. दोन-चार थेंब परातीत सांडले. पट्टी बांधता बांधता मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो चेहरा खरंच शांत होता. पाणी आटलेल्या बोडीच्या तळासारखा.

"शामकला, कसं वाटते तुले?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"आता बरं वाटते, बाई. आता काईच वाटत नाही."

"खरं सांग. मरायचा विचार येते काय मनात?"

बिसराम चमकून उठला. "असं काऊन बोलता, बाई! अशुभ!"

मी हातानंच त्याला थांबवलं. विचारल्यानं कोणी मरत नाही; न विचारल्यानं मरतं. शामकलानं बोटावरची पट्टी नीट दाबली. मग एवढंच म्हणाली, "माहं पाणी चारदा साफ केलन बाबानं. चारही वेळा आधी काळंच निंगालं. सगळ्यायले मोठा त्रास झाला माह्यापायी. आता नाही देणार."

बिसराम मटकन खाली बसला. तिचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखा रडू लागला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून खाली मान घातली, आणि तेव्हा मला परात दिसली.

जिथं औषधाचे थेंब सांडले होते, तिथं पीठ काळं पडलं होतं. शाईसारखं. मंडईतल्या ग्लासासारखं.

मी टोपलीतला आवळा घेतला, दातांनी फोडला आणि त्या काळ्या डागावर पिळला. काळेपणा पांढरा होत गेला.

बारा वर्षं मी ते औषध रोज हाताळत होते. त्यात आयोडीन असतं हे मला पाठ होतं. आयोडीननं पिठूळ पदार्थ काळा पडतो हे तर शाळेतलं. आणि तरीही त्या दिवशी गर्दीत, माइकसमोर, मी माझ्या मनाचा अंधार शोधत बसले होते.

पण हा विचार करायची वेळ नव्हती. घरातली कीटकनाशकं, दोर, कोयते मी शेजाऱ्याकडे हलवायला लावले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉ. अल्कांना फोन केला. त्यांनी जीप पाठवली, गोंदियाला बोलणी केली. संध्याकाळपर्यंत शामकला दवाखान्यात दाखल झाली. जाताना ती जीपमध्ये म्हणाली, "बाई, बाटली घ्यायची राह्यली."

पुढच्या बाजाराला बिसराम शामकलाच्या बहिणीला दवाखान्यात बसवून परत आला. तीन दिवसांत त्याची दाढी वाढली होती. मी आणि डॉ. अल्का त्याच्याबरोबर गेलो. ताडपत्रीखाली गर्दी तीच. आणि टेबलावर ती बरणी. मी पहिल्यांदाच पाहिली. मोठी, लोणच्याची असते तशी, गोळ्यांच्या पाकिटांनी गळ्यापर्यंत भरलेली. बाबा तिच्यावर हात ठेवून बोलत होता, "हे पाहा लोकहो, ही गुलामीची बेडी! इतक्या लोकायनं तोडली!"

बिसराम दिसताच बाबाचा आवाज चढला. "आओ भाऊ, आओ! शामकलाबाई कुठं आहे?"

"आली नाही जी." बिसराम टेबलापाशी गेला. "आज दुसऱ्या एकाचं पाणी पाहून द्या."

"कोणाचं?"

बिसरामनं खिशातून तांदळाच्या पिठाची पुडी काढली, स्टीलचा चमचा काढला, आणि आमच्या घरून आणलेल्या ग्लासात पाणी ओतून चमच्यानंच पीठ टाकलं. "टाका साक्षीजल."

बाबा हसला. "मुठीत धरल्याशिवाय, दुःख आठवल्याशिवाय नाही होत, भाऊ."

"मंग पांढरंच राहीन. टाका ना."

"हो बाबा, टाका ना!" मागून कोणी म्हणालं. दुसऱ्यानं री ओढली. बाबानं छोटेलालकडे पाहिलं. छोटेलाल गोंधळून म्हणाला, "आटा तो मेरे ही दुकान का है महाराज. अभी मैंने ही थैली खोलकर दिया."

बाबानं थेंब टाकले. पाणी काळं झालं.

बिसरामनं ग्लास उंच धरला. "बाबा, ह्या पिठाले कायचं दुःख होय जी?"

बाबा माइक सोडून ओरडला.

"तुझा हात लागला त्याले! तुझ्या मनातला जंग..."

"चमचा लागला," मी पुढे होत म्हटलं. "आणि आता तुमच्या चेल्याला बोलवा. पाच वर्षं तेजरस पितो ना? पीठ त्याच्या मुठीतलं, दुःख त्याचं. फक्त ग्लास आमचा."

चेला मागे सरकू लागला. लोकांनीच त्याला पुढे ढकललं. त्यानं मूठ सोडली, थेंब पडले, पाणी काळं. मग त्याचा नेहमीचा रिकामा ग्लास डॉ. अल्कांनी उचलून उलटा केला. तळाशी पांढरी भुकटी चिकटलेली होती. त्यांनी चाखून पाहिली आणि तोंड आंबट केलं.

"क जीवनसत्त्व," त्या म्हणाल्या. "आंबट गोळ्यांची पूड. साक्षीजल म्हणजे जखमेवर लावतो ते आयोडीन. पीठ आणि आयोडीन मिळालं की रंग काळा. क जीवनसत्त्व पडलं की आयोडीनचं रूप बदलतं आणि रंग जातो. तेजरसात तेच घातलंय, चेल्याच्या ग्लासात आधीच घातलंय. यात ना मन आहे, ना साधना."

मी बाजारातल्या एका म्हातारीच्या टोपलीतला आवळा घेऊन बिसरामच्या ग्लासात पिळला. पाणी पांढरं झालं.

कोटवाल्या बाबाची जीभ मात्र त्याच्या थेंबांहून वेगवान. तो टाळी देऊन म्हणाला, "वाह! देखा? आवळ्यात काय आहे? अँटीऑक्सिडंट! मॅडमनंच सिद्ध करून दिलं. सायन्स माझ्याच बाजूनं आहे!"

क्षणभर गर्दी पुन्हा बाबाकडे झुकली. मला ते जाणवलं आणि धडकी भरली. माणसांना त्या भुलीतून सुटकाच नको होती.

डॉ. अल्का माइकजवळ गेल्या. "आवळ्यात ते आहे, हे खरं. पालकात आहे, जांभळात आहे. कात्रणही खोटं नसेल. जे लोक फळं-भाज्या जास्त खातात, त्यांच्यात उदासपणा काहीसा कमी दिसतो, असं काही पाहण्यांत आढळलंय. पण मला सांगा, शामकलाबाई आजारी पडल्या तेव्हा आधी काय झालं? जेवण सुटलं म्हणून उदास झाल्या, की उदास झाल्या म्हणून जेवण सुटलं?"

"उदास झाली, मंग जेवण सुटलं," बिसराम म्हणाला.

"मग आजारी माणसं फळं कमी खातात म्हणून तसं दिसतं, की फळं कमी खातात म्हणून आजारी पडतात? ज्याच्या घरी रोज फळ येतं, त्याच्या घरी इतर चिंताही कमी असतील. हे सगळं अजून शास्त्रज्ञ शोधतायत. त्यांना जे ठाऊक नाही, ते या माणसाला बाटलीत भरून मिळालं? भाज्या खा, आवळे खा, शरीराला चांगलंच आहे. पण ग्लास म्हणजे मेंदू नाही. ग्लासातला रंग गेला म्हणून आजार जात नाही. आणि चालू गोळी अशी एकदम तोडली, तर आजार दुप्पट जोरानं उलटू शकतो."

बाबा चेल्याला डोळ्यांनी खुणावत होता. त्यांची जीप मागे उभी होती. त्यानं बरणी काखेत घेतली, आणि तेवढ्यात एक बाई वाटेत आडवी आली. ही नंदाबाई, पलीकडच्या गावची. मी तिला ओळखत होते. तिच्या धाकट्या भावाला, देवेंद्रला, माझ्याच उपकेंद्रातून कधीकाळी चिठ्ठी दिली होती.

तिनं बरणीत हात घातला आणि एक पाकीट बाहेर काढलं. पाकिटावर निळ्या पेननं तारखा लिहिलेल्या होत्या.

"हे माह्या हातचं अक्षर आहे," ती हळू म्हणाली. "देवेंद्रच्या गोळ्या होत ह्या. ह्या तारखेपासून सोडल्या त्यानं." तिनं पाकीट बाबाच्या तोंडासमोर धरलं. "काल त्याची तेरवी झाली. त्याचं पाणी तं साफ झालं होतं ना, बाबा? मी होती ना इथंच. टाळ्या वाजवल्या मी."

बाबानं बरणी खाली ठेवली आणि तो जीपकडे वळला.

लोकांनी त्याला मारायला हात उचलले तेव्हा नंदाबाईच मध्ये उभी राहिली. "मारू नका. ठाण्यात न्या. मले हे सगळं लिहून पायजे." पोलीस पाटलानं जीपची किल्ली काढून घेतली. छोटेलालनं त्याच दुपारी दुकानातल्या बाटल्या काढल्या. कोणाच्या डोळ्याला डोळा न देता तो त्या पंचांसमोर मांडत राहिला.

गुन्हा नोंदला गेला. काही महिन्यांत बाबा जामिनावर सुटला. मध्य प्रदेशाच्या बाजूला कुठंतरी बाजारात पांढरा कोट दिसतो, असं ट्रकवाले सांगतात. खरं असेल. अशा माणसाला एक ताडपत्री पुरते.

बरणीतली पाकिटं आम्ही केंद्रात टेबलावर मांडली. गोळ्या मनाच्या आजाराच्या होत्या, मिरगीच्या होत्या, रक्तदाबाच्याही होत्या. डॉ. अल्का, मी आणि नंदाबाई गावोगाव फिरलो, एकेक घर शोधलं, पुन्हा उपचार सुरू करून दिले. दोन पाकिटांची माणसं आम्हांला आजपर्यंत सापडली नाहीत.

शामकला दीड महिन्यानं घरी आली. एकदम बरी झाली असं सांगितलं तर मीही एक कोटवाली बाई होईन. ती हळूहळू बरी झाली. कधी चार पावलं पुढे, कधी दोन मागे. फाल्गुनात एका सकाळी तिनं बिसरामवर भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून आवाज चढवला. बिसराम धावत उपकेंद्रात आला, "बाई, भांडली जी माह्याशी!" हे सांगताना त्याचे डोळे भरले होते.

मी हे माझं शहाणपण सांगायला लिहिलेलं नाही. शहाणी असते तर मंडईतच ओरडले असते. लिहिलंय ते एवढ्यासाठी की पुढच्या वेळी ग्लास वेगळा असेल, रंग वेगळा असेल, शब्द आणखी अवघड असेल. आणि त्याच्या हातात शास्त्राचं खरं कात्रणही असेल. तेव्हा टाळी वाजवायच्या आधी विचारा, माझा हात न लागताही हे असंच होतं का? जो तुमची औषधं सोडायला सांगतो, त्याला विचारा, मला काही झालं तर तू कुठं सापडशील? आणि घरातलं माणूस गप्प झालं असेल, तर त्याचं पाणी तपासू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा, आणि त्याचा हात धरून डॉक्टरकडे न्या.